मंगळवारची खिचडी, शनिवारचा फळा

शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत मी एका जागी धड बसले नाही. बसले की उठायची, उठले की कशाला उठले ते विसरायची. कारण सांगितलं तर हसाल. शाळेच्या ओट्यावरच्या फळ्यावर दोन ओळी होत्या, चौथीच्या एका पोरीनं लिहिलेल्या, आणि त्या पुसायचं काम माझ्याकडे आलं होतं. फळा पुसायला किती वेळ लागतो? ओलं फडकं घ्या, वरून खाली दोनदा फिरवा, झालं. तेवढ्यासाठी माझे दोन दिवस गेले.

आधी शाळा सांगते, म्हणजे तुम्हाला नीट कळेल. शहाद्याकडून येणारी गाडी फाट्यावर सोडते, तिथून पपईच्या शेतांमधून पाऊण कोस चालत आलं की आमची शाळा. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे पत्र्याची स्वयंपाकाची खोली. एक सर, तेच मोठे गुरुजी, आणि एक मॅडम. पोरं पस्तीस-छत्तीस, एखादं कमी-जास्त. पत्र्याची खोली माझी. पोरांची खिचडी मी शिजवते, त्याला आता बरीच वर्षं झाली. पोरं मला आजी म्हणतात, सर मावशी म्हणतात, आणि मॅडम घाईत असल्या की नुसतं "अहो" म्हणतात.

आता फळ्याचं. सर बदलून आले त्या वर्षी त्यांनी ओट्याच्या भिंतीला एक जुना फळा ठोकला आणि वर रंगानं लिहिलं, आठवड्याच्या बातम्या. शनिवारी सकाळची शाळा, दप्तर नाही. त्या दिवशी तिसरी-चौथीच्या पोरांनी आठवड्यात जे झालं ते एकेक ओळ लिहायचं आणि खाली नाव घालायचं. सोमवारी प्रार्थनेनंतर ज्यानं त्यानं आपली बातमी सगळ्यांसमोर वाचायची. मग मी फळा पुसायचा. त्याच्या आधी कोणी हात लावायचा नाही, सरांनीसुद्धा नाही. हा नियम सरांचाच.

सुरुवातीला पोरं घरी ऐकलेलं आणून लिहायची. तिसरीतल्या एकानं लिहिलं, "डेअरीवाल्या काकांची काकू रुसून माहेरी गेली." काकू गेली होती नंदुरबारला, बहिणीच्या पोरीच्या लग्नाला. सोमवारी परत आली ती पिशवी हातात घेऊन सरळ फळ्यापुढे उभी राहिली. कुणीतरी वाचून दाखवलं तर म्हणाली, "माले तं माहीत बी नही, मी रुसी जायेल शे." तेव्हापासून सरांनी दुसरा नियम केला. डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. ऐकलेलं नाही. मग फळा एकदम सरळ झाला. "माकडांनी मॅडमचा डबा नेला." "माझा दात पडला." "बोअरची मोटर जळाली, आम्ही घरून पाणी आणले."

माझं अक्षराशी जमलं ते या फळ्यामुळे. ब्राह्मणपुरी माझं माहेर. भाऊ शाळेत जायचा, मी धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन घरी. पुढे लग्न, शेत, पोरं. अंगठ्यावर भागलं, कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. पण या फळ्याची एक गंमत होती. बातमी मला आधीच माहीत असायची. माकडं आली तेव्हा काठी घेऊन मीच धावले होते. म्हणजे फळ्यावर माकड कुठेतरी असणारच. मग मी शोधायची. सोमवारी फळा पुसायच्या आधी माकड शोधायची, डबा शोधायची, दात शोधायची. पोरं मोठ्यानं वाचत तेव्हा कान तिकडे आणि डोळे फळ्यावर. असं करता करता तीन-चार वर्षांत ओळी लागायला लागल्या. मी कुणाला सांगितलं नाही. या वयात हिला काय लागलंय, असं कुणी म्हणेल, ती लाज. दुसरी लाज त्याहून मोठी. येतं म्हटलं आणि कुणी पुढ्यात कागद धरला आणि अडले, तर?

तर त्या मंगळवारी काय झालं. पातेलं गॅसवर ठेवलं, तांदूळ-डाळ पडली, झाकण घातलं. मॅडमच्या वर्गात धडा चालला होता. पोरं एकेक ओळ वाचत होती आणि मॅडमनं तोच धडा मोठ्या अक्षरात तक्त्यावर लिहून भिंतीला लावला होता. माझ्या दारातून चार पावलांवर त्या वर्गाची मागची खिडकी. मी एक मिनिट म्हणून गेले. तक्त्यावर नजर लावली आणि काय सांगू, मी पोरांच्या पुढे गेले. पोरगं अजून वरच्या ओळीत चाचपडत होतं आणि माझी खालची ओळ वाचून झाली. ही बातमी माहितीतली नव्हती, धडा मी कधी ऐकलेला नव्हता. आधी माहीत नसलेलं वाचलं मी, पहिल्यांदा. मग पुढची ओळ. मग तिच्या पुढची.

वास आला तेव्हा उशीर झाला होता.

झाकण काढलं तर धूर. वरची वरची दुसऱ्या भांड्यात घेतली, तळाला उलथणं लावलं नाही, कच्चा कांदा घातला, तेल घातलं, वरून तिखट टाकलं. आमचं तिखट म्हणजे तिखट, त्यानं वास झाकेल असं वाटलं. झाकला नाही. पोरांची नाकं वाहायला लागली आणि वास तो वास. पहिलीतल्या एकीनं घास तोंडात धरून ठेवला, गिळेना आणि थुंकेना. सरांनी शेजारच्या शेतातून केळी आणवली, पोरांनी केळी खाल्ली, सगळी खिचडी गुरांना गेली.

"कशी काय करपली मावशी?" सरांनी विचारलं.

खरं सांगायचं तर खिडकी सांगावी लागली असती. माझ्या तोंडून निघालं, "शेगडीनं बटण बारीक होत नही सर."

इथं चूक झाली. सर मनावर घेणारे. बुधवारी त्यांनी शेगडी मोटरसायकलला बांधली आणि शहाद्याला दुरुस्तीला नेली. मी तीन दगडांवर काटक्या लावून स्वयंपाक केला आणि धुरात बसून त्या शेगडीचा विचार केला. संध्याकाळी सर परत आले. म्हणाले, "मेकॅनिक म्हणतो काहीच बिघाड नाही. तरी मी साफ करून घेतली." मी म्हटलं, "बरं व्हयनं." अजून त्या शब्दांची मला लाज वाटते.

शनिवारी पोरं बातम्या लिहीत होती आणि मी ओटा झाडत होते. चौथीत एक पोरगी आहे, वरच्या सातपुड्यातल्या पाड्यावरची. तिचा बाप गावातल्या एका बागायतदाराकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीनं शेतावर राहतो. घरी त्यांची बोली वेगळी. पोरगी आली तेव्हा मराठीही नाही आणि आमची अहिराणीही नाही, दोन वर्षं नुसती डोळ्यांनी बघायची. फळ्यावर तिनं कधी काही लिहिलं नव्हतं. मॅडम दर शनिवारी खडू पुढे करायच्या, ती मान हलवायची. त्या शनिवारी तिनं आपणहून खडू उचलला. पाठ आमच्याकडे, जीभ दातांत धरलेली, एवढ्या हळू लिहीत होती की दोन पोरांची बातमी त्यात लिहून झाली. मॅडमनं वाचलं, थोडं थांबल्या, मग म्हणाल्या, "शाबास. छान अक्षर आहे."

मी झाडू घेऊन जवळ गेले. मलाही आनंद झाला होता, ही पोरगी लिहिते म्हणून. ओळ लागली तशी झाडू हातातच राहिला.

"मंगळवारी खिचडी करपली. आजी खिडकीत उभी होती."

शाळा सुटल्यावर सर मोबाईल बघत ओट्यावर आले. "मावशी, सोमवारी सकाळी केंद्रप्रमुख साहेब तपासणीला येतायत."

"येऊ द्या ना. शेंगदाणा टाकसू खिचडीमा."

"तुम्ही जरा लवकर या. पोरं यायच्या आत हा फळा पुसून घ्या. मॅडम त्यावर फुलं काढतील, सुविचार लिहितील."

"पण सोमवारे पोरे वाचतस ना सर?"

"एक सोमवार नाही वाचलं तर काही बिघडत नाही." मग आवाज खाली आणला. "त्यात एक बातमी तुमची आहे. तुम्हाला वाचता येत नाही म्हणून सांगतो. मनाला लावून घेऊ नका, लहान पोर आहे."

मी "हौ सर" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सरांना कसली धास्ती होती ते मला माहीत होतं. शाळेत एक चव नोंदवही असते. जेवण वाढायच्या आधी सरांनी चाखायचं आणि चव कशी ते लिहायचं, बाजूला माझा अंगठा. सर बिचारे कामात. ते सोमवारीच सहा दिवसांचं लिहून टाकायचे, उत्तम, उत्तम, उत्तम, आणि मी सहा अंगठे एकदम द्यायची. म्हणजे वहीत मंगळवार उत्तम आणि फळ्यावर करपलेला. साहेबांनी दोन्ही वाचलं की झालं. आणि माझं काय? साहेबांनी मनात आणलं तर स्वयंपाकाला दुसरी बाई ठेवतील. आमच्या बचत गटात दोघी-तिघी तयारच आहेत. मग पत्र्याची खोली गेली, खिडकी गेली, फळाही गेला. पुसून टाकलं तर माझं भलं, सरांचं भलं. एका पोरीच्या दोन ओळी, उद्या दुसऱ्या लिहील. असं मी स्वतःला सांगत घरी आले. दुपारी पुन्हा सांगितलं. रात्री जेवताना पुन्हा.

रविवारी अंगण तीनदा झाडलं. सून भांडी घासता घासता बघत होती. म्हणाली, "माय, आते किती येळा झाडशात? अंगण बी थकी जाई."

"पाला पडस ना."

"झाड कोठे शे आपला आंगणमा?"

मी झाडू ठेवला आणि बाटलीत ताक भरलं. लोणखेड्याला कॉलेजात जाणारी नात खाटेवर वाचत पडली होती. तिच्या मनात आलं असतं तर तिनं मला एका दिवसात सगळी अक्षरं शिकवली असती, पण विचारणार कोण? "आजी, कोठे जाई ऱ्हायनी?" म्हणाली. म्हटलं, "ताक देवाले." कुणाला ते सांगितलं नाही.

पपईच्या बागेच्या कडेला त्या सालदाराची झोपडी. पोरीची आई दाण्याच्या शेंगा फोडत बसली होती. मला बघून खाट झटकली. मी बसले, उठले, परत बसले. तीच म्हणाली, आमची भाषा आता बरी बोलते ती, "सोमवारे तिन्हा बाप शाळामा ई. मालकले सांगी ठेयं शे. पोरनं लिखेल देखाले."

"त्याले वाचता येस का?"

"नही. पण देखी ना."

मला ताकाची बाटली कुठे ठेवावी कळेना. पोरगी बागेतून आली, हातात दोन कच्च्या पपया. मी तिला म्हटलं, "काय व, मन्ही बातमी लिखी तू?"

ती शाळेतल्या मराठीत बोलते, पुस्तकात असतं तशी. "हो. मी पाहिलं होतं."

"करपनी एवढं लिखती तं चालतं. खिडकी कसाले लिखी?"

"करपली ते सगळ्यांना माहीत होतं. खिडकी मी एकटीनं पाहिली." मग म्हणाली, "तुमचं तोंड हलत होतं."

"मंग ते कसाले नही लिखं?"

"आवाज नाही आला. वाचत होत्या की गाणं म्हणत होत्या, ते कळलं नाही. मग कसं लिहिणार?" ती माझ्याकडे बघत राहिली. "वाचत होत्या ना?"

"ताक पी," मी म्हटलं. "गरम व्हई जाई."

सोमवारी पोहोचले तर पपईवर धुकं होतं. किल्ली माझ्याकडेच असते. हंड्यात फडकं बुचकळलं, पिळलं, फळ्यापुढे उभी राहिले. वरची बातमी मोटर परत जळाल्याची. तिच्या खाली कुणाच्या तरी शेळीला दोन करडं. मग ती. अक्षरं मोठी, एकेक वेगळं, दाबून लिहिलेली. मंगळवारीतला "म" तिनं आधी चुकवून परत काढला होता, बोटानं पुसल्याचा पांढरा डाग राहिला होता. फडक्याचं पाणी माझ्या पायावर ठिबकत होतं. मी माझं पहिलं माकड शोधायला किती सोमवार घालवले होते. हिनं तर माझ्याबद्दल खरं लिहिलं होतं, आणि जे नक्की माहीत नाही ते सोडून दिलं होतं. शेगडीच्या नावानं खोटं बोलणारी मी, आणि पुसणारीही मीच?

फडकं हंड्याच्या काठावर टाकलं. खडू घेतला. आजवर कधी लिहिलं नव्हतं, नुसती अक्षरं डोळ्यात होती; खडू धरवेना, दोनदा तुटला. तिच्या ओळींच्या खाली लिहिलं, "खिचडी माझ्या हातून करपली. शेगडी चांगली आहे." खाली सगळे नाव लिहितात म्हणून लिहिलं, आजी. ओळ उतरत उतरत कोपऱ्यात गेली. असू दे.

तेवढ्यात पोरीचा बाप आला, खांद्यावर पंचा, चपला ओट्याखाली काढून. "कोणतं शे?"

मी बोट ठेवलं. त्यानं जवळ जाऊन ओळ वितीनं मोजली, फळ्याला न लावता, हवेतच. अडीच वीत भरली. "काय लिखं?"

मी वाचलं. बोट फिरवत, मोठ्यानं. "मंगळवारी खिचडी करपली. आजी खिडकीत उभी होती."

त्याचा चेहरा पडला. "तुम्हना बारामा?"

"हौ. खरं शे."

मागे मोटरसायकल बंद झालेली मला ऐकू आली होती, तरी मी खालची माझी ओळही वाचली. सुरू केलं होतं, मध्ये कसं सोडणार. सर पायरीवर उभे होते.

"मावशी, तुम्हाला वाचता येतं?"

"हौ सर."

"कधीपासून?"

"हाऊ फळा लावा तधपासून."

सर फळ्याकडे बघत राहिले. त्यांनी डस्टर उचललं होतं. पोरं फाटकात आली, ती पोरगीही आली, बापाला बघून तिथेच थांबली. सरांनी डस्टर खाली ठेवलं. मग म्हणाले, "शेगडी चांगली होती?"

"चांगली शे."

"मी तिला शहाद्याला घेऊन गेलो होतो."

"हौ सर. देखं मी."

साहेब आले. प्रार्थना झाली, पोरांनी बातम्या वाचल्या. पोरीनं एवढ्या मोठ्यानं वाचलं की मॅडमनं वर पाहिलं. आजीची बातमी कुणी वाचेना, तर मीच पत्र्याच्या खोलीतून येऊन वाचली. पोरं हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी चव नोंदवही मागितली.

"मंगळवारी चव उत्तम?"

"साहेब, ते सोमवारीच लिहिलं होतं," सर म्हणाले.

"म्हणजे शिजायच्या आधी." साहेबांनी पान उलटलं. सरांनी शनिवारीच या आठवड्याचं पान भरून ठेवलं होतं, तयारी म्हणून. "येत्या शनिवारचीपण उत्तम झाली आहे. बरं आहे."

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. साहेब माझ्याकडे वळले. "आजी, खिडकीत काय होतं?"

"पोरेस्ना धडा चालू व्हता."

"पातेलं गॅसवर ठेवून धडा नाही ऐकायचा."

"हौ साहेब."

मग त्यांनी शेरेबुकात लिहिलं, लिहीतच राहिले, आणि निघून गेले. दिवसभर माझं लक्ष त्या वहीकडे. सरांनी माझ्या हातचा चहाही तसाच ठेवला. शाळा सुटली, सर फोनवर बोलत फाटकापर्यंत गेले, आणि मी टेबलावरची वही उघडली. साहेबांचं अक्षर म्हणजे ओल्या शेणावरून कोंबडी चालून गेलेली. मी एकच शब्द शोधत होते, काढून टाकावे, नाहीतर कमी करावे, असलं काही. सापडेना. पोरगी दारात होती, माझ्यासाठीच थांबलेली. मी तिला हातानं बोलावलं. दोघींनी डोकी जोडून अक्षर लावलं. जिथं मी अडले तिथं ती, जिथं ती अडली तिथं मी. "आहार करपल्याचे बातमीफळ्यावरून समजले. चव नोंदवही आगाऊ भरलेली आढळली, मुख्याध्यापकांनी खुलासा द्यावा. स्वयंपाकी महिलेस ताकीद दिली." मग बरंच खोडलेलं. आणि शेवटी, "बातमीफळा चालू ठेवावा."

"ताकीद म्हणजे?" तिनं विचारलं.

"रागावले म्हणजे. जाय आते घर."

मंगळवारी सर पहिल्यांदाच पत्र्याच्या खोलीत आले. नोंदवही हातात, आगाऊ भरलेल्या पानावर आडवी रेघ मारलेली. मी पातेल्यापासून हलले नव्हते, एक पाऊल नाही. त्यांनी वही माझ्यापुढे धरली, पेन दिला, आणि नजर न देता म्हणाले, "चाखा आणि तुम्हीच लिहा. मी खाली सही करतो."

मी चाखलं. पुन्हा चाखलं. मग सावकाश लिहिलं, "मीठ कमी."

सरांनी वाचलं. "मावशी," म्हणाले, "मग मीठ टाका ना. लिहिता काय?"